‘छानच होतं हो!’

परवा पुण्यात एका भारी हॉटेलात तीन हजारांचं जेवण करून आम्ही चौघं उपाशी घरी आलो. रात्री साडेदहाला लेकीच्या फ्लॅटवर सासूबाईंनी पदर खोचला आणि कुकर लावला. गरम मऊ भात, मेतकूट आणि वर तुपाची धार. सगळे खाली मान घालून जेवलो. कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

मैत्रिणींनो, जेवण बिघडलं एवढ्यासाठी मी कागद-पेन घेऊन बसले नाही. जेवण काय, कधी कधी आपल्या हातूनही बिघडतं. मला बोचतंय ते वेगळंच. हॉटेलातून निघताना मॅनेजरने दारात विचारलं, ‘‘कसं वाटलं जेवण, मॅडम?’’ आणि बचत गटाच्या बायकांसमोर दर वर्षी २४ डिसेंबरला ग्राहक दिनाचं भाषण ठोकणारी मी हसून म्हणाले, ‘‘छानच होतं हो!’’

त्याचं झालं असं. लेकीचा पहिला पगार झाला. बाणेरला मैत्रिणीबरोबर भाड्याने राहते. फोनवर म्हणाली, ‘‘आई, आजीला घेऊन या सगळे. मी जेवायला नेणार आहे. पैसे माझे, हॉटेल माझ्या पसंतीचं. कुणी काही बोलायचं नाही!’’ आमच्या ह्यांना तर काय, लेकीचा शब्द म्हणजे वेदवाक्य. शनिवारी सकाळी कराडहून एसटी धरली. सासूबाईंनी पिशवीत मेतकुटाची बरणी आणि तुपाचा डबा कोंबला होता. ‘‘पोरगी काय खाते कोण जाणे,’’ म्हणाल्या. ती बरणी त्याच रात्री उघडावी लागेल, असं कुणाला वाटलं होतं?

हॉटेल ‘पॅन एशियन’. म्हणजे काय, तर लेकीने वाटेत समजावून सांगितलं : जपान, थायलंड, चीन, कोरिया, व्हिएतनाम, ब्रह्मदेश, सगळ्यांचे पदार्थ एकाच छताखाली. मनात म्हटलं, मालवणी कालवण, नागपुरी सावजी, पंजाबी सरसों का साग आणि बंगाली रसगुल्ला हे सगळं एकाच आचाऱ्याच्या गळ्यात घातलं, तर त्या बिचाऱ्याची काय गत होईल! पण नियम ठरला होता, कुणी काही बोलायचं नाही. गप्प बसले.

आत अंधार. दिवे होते, पण ते उजेडासाठी नसावेत. मेनूकार्ड आमच्या गटाच्या हिशेबवहीएवढं जाड आणि अक्षरं मुंगीएवढी. चष्मा लावूनही निम्मं कळेना. पाणी मागितलं तर ‘‘बॉटल या रेग्युलर?’’ ‘साधंच द्या’ म्हणायला हे तोंड उघडणार, तोच लेकीने घाईघाईने ‘‘बॉटल’’ म्हणून टाकलं. नव्वद रुपयांची एक, अशा दोन आल्या. कराडला प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयनेचं पाणी बघत लहानाची मोठी झालेली माझी पोर, तिला साधं पाणी मागायची लाज वाटली. तिचा दोष नाही. त्या जागेत मलाही वाटली.

सासूबाई माळकरी. तीस वर्षांहून अधिक काळ गळ्यात तुळशीची माळ आहे. अंडंसुद्धा त्यांच्या ताटाला लागलेलं नाही. लेकीने सगळं शाकाहारीच मागवलं. आधी मिसो सूप आलं. जपानी लोक सोयाबीन आंबवून त्याची चटणीसारखी मिसो करतात, तिचं हे सूप. दोन वाट्या चौघांत. सासूबाईंनी चार-पाच चमचे घेतले आणि थांबल्या. मला हळूच म्हणाल्या, ‘‘अगं, ह्याला कसला तरी उग्र वास येतोय. विचार की, काय घातलंय ह्यात.’’

मी वाढणाऱ्या मुलाला विचारलं. वीस-बावीस वर्षांचा पोरगा, ईशान्येकडच्या कुठल्याशा राज्यातून आलेला. म्हणाला, ‘‘पूरा व्हेज है, मॅम.’’ आमचा गट मसाल्याची पाकिटं करतो. पाकिटावर हिरवा ठिपका असतो, तो कशासाठी, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. ओठावर आलं होतं, ‘‘बाळा, सूप ज्या पाकिटातून केलं ते पाकीट आण बघू.’’ तेवढ्यात लेकीने टेबलाखालून माझा हात दाबला. ‘‘आई, प्लीज. तो सांगतोय ना.’’ शेजारच्या टेबलावरची मंडळी वळून बघत होती. मी गप्प बसले. सासूबाईंनी वाटी बाजूला सारली, तीही न बोलता.

मग पाऊण तासाने बाकीचं आलं. सुशी म्हणून भाताचे गोळे आले ते फ्रीजमधून थेट काढलेले. गार पडून भाताचं शीत न् शीत कडक झालेलं. खरं तर सुशीचा भात मऊ, चिकट आणि कोमट लागतो. व्हिनेगर, साखर, मीठ लावून केलेला असतो आणि तो फ्रीजमध्ये ठेवला की बिघडतो. शिळ्या भाताचं गणित आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको! थाई ग्रीन करी आली ती बासुंदीसारखी गोड. नूडल्सना आणि मोदकासारख्या दिसणाऱ्या डिमसमच्या बाजूच्या चटणीला एकच चव. देश बदलत होते, सॉस तोच होता. ह्यांनी दोन घास खाऊन ‘‘वेगळं आहे’’ म्हटलं. आमच्याकडे ‘वेगळं आहे’चा अर्थ काय होतो, ते सगळ्यांना माहीत आहे.

लेक प्रत्येक घासाला आमच्या तोंडाकडे बघत होती. तिच्या पहिल्या पगाराचं जेवण होतं ते. काय बोलणार? ‘‘छान आहे गं,’’ म्हणालो. तिघंही.

बिल आलं. जेवणाचे आणि पाण्याचे २,७९० रुपये, त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज २७९, वर पाच टक्के जीएसटी. सगळे मिळून ३,२२२ रुपये. तो सर्व्हिस चार्ज ऐच्छिक असतो, हे मला माहीत होतं. तिथंही मी गप्प. आणि दारात ते ‘छानच होतं हो’.

मेतकूट-भात खाऊन सासूबाई झोपल्या, तेव्हा लेक मोबाइल घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. डोळे भरलेले. ‘‘आई, मलाही नव्हतं आवडलं. पण तुम्ही सगळे छान म्हणत होता, मग मी कसं बोलणार?’’ बघा गंमत! आम्ही तिच्यासाठी खोटं बोलत होतो आणि ती आमच्यासाठी. मग तिने मोबाइलवर शोधून वाचून दाखवलं. जपानी सूप ‘दाशी’ नावाच्या पाण्यात करतात. दाशी म्हणजे समुद्री शेवाळाचा आणि सुकवलेल्या माशाचा अर्क. ट्यूना जातीचा मासा उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा कडक सुकवतात आणि त्याचा पातळ कीस काढतात. तयार पुडीतसुद्धा बहुतेक वेळा हाच अर्क असतो. माझ्या पोटात खड्डा पडला. तो उग्र वास सासूबाईंनी बरोबर ओळखला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉटेलात फोन लावला. आवाज चढवला नाही. म्हटलं, काल रात्री अमुक टेबलावर आम्ही होतो, आमच्या घरातल्या वयस्कर बाई माळकरी आहेत, सूप शाकाहारी म्हणून दिलं, त्याचं पाकीट बघून मला खरं काय ते सांगा. मॅनेजर आधी ‘‘व्हेजच आहे मॅडम’’ म्हणाले. मी म्हटलं, ‘‘तुम्ही सांगू नका, पाकीट काय सांगतं ते वाचा.’’ संध्याकाळी त्यांचाच फोन आला. आवाज उतरलेला. पाकिटावर तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण होता. म्हणजे मांसाहारी. भाज्या आणि टोफू घालून त्याला ‘व्हेज सूप’ म्हणून कार्डावर छापलं होतं आणि स्वयंपाकघरात कुणी पाकीट उलटून पाहिलंच नव्हतं. त्यांनी माफी मागितली. सूपचे आणि सर्व्हिस चार्जचे पैसे लेकीच्या खात्यावर परत पाठवले. कार्डात दुरुस्ती करतो म्हणाले. ती केली की नाही, हे मी पुढच्या फेरीत स्वतः जाऊन बघणार आहे.

आता खरा प्रश्न. सासूबाईंना सांगायचं की नाही? हे म्हणाले, ‘‘कशाला? म्हातारीच्या जिवाला घोर.’’ लेकही तेच म्हणाली. मी रात्रभर विचार केला. वाटलं, हॉटेलवाल्यांनी त्यांच्यापासून लपवलं ते नकळत. मी लपवलं तर ते जाणूनबुजून होईल. सकाळी चहा देताना सांगून टाकलं.

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. गळ्यातल्या माळेवर हात ठेवून बसून राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘नकळत पोटात गेलं, त्याचं पांडुरंग बघून घेईल. सांगितलंस ते बरं केलंस. पण मी तुला विचार म्हणाले होते ना? तेव्हा तू का गप्प बसलीस? घरात आमटीला मीठ कमी पडलं तर चार जण बोलून दाखवतात. आणि तिथं हजारांनी रुपये मोजून एकाच्याही तोंडातून शब्द फुटला नाही.’’

मैत्रिणींनो, ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगा, तुमच्याकडे आहे?

आपण बायका आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत वाढत आलो. पोळी जाड झाली, वरणाला फोडणी कमी पडली, भात गचका झाला, हे ऐकायची कानांना सवय आहे. पण आपल्याला जेव्हा कुणी वाढतं, तेव्हा आपण ‘छानच आहे’च्या पलीकडे जात नाही. माहेरी तेच, लग्नाच्या पंगतीत तेच, डॉक्टरांकडेसुद्धा ‘‘बरं वाटतंय ना?’’ म्हटलं की ‘‘हो, बरंच आहे.’’ त्यात एसीची हवा, इंग्रजीतलं कार्ड, बूट-टाय घातलेला माणूस समोर असला, की आपल्याला वाटतं, आपल्यालाच कळत नसेल. हे पदार्थ असेच लागत असतील. आपण गावाकडच्या!

नेमकं तिथंच आपण चुकतो. त्या देशांतलं जेवण काही आकाशातून पडलेलं नाही. आपल्यासारख्याच बायकांनी चुलीपुढे घाम गाळून ते घडवलंय. थायलंडच्या करीत घालतात तो लेमनग्रास म्हणजे आपल्या परसातल्या गवती चहाचाच भाऊ. त्यांचं नारळाचं दूध आपल्या कोकणात रोजचं. करीचं वाटण तिथल्या बायका दगडी खलात कुटतात, आपण पाट्यावर वाटायचो. ब्रह्मदेशातून परत आलेल्या आपल्याच लोकांनी तिथलं खावसे इकडे आणलं. ज्या ग्रीन करीला गवती चहाचा वास नाही, ती करी बिघडली आहे, हे ओळखायला बँकॉकला जायला नको. मागच्या अंगणात गेलं तरी पुरे. आणि तिथली एखादी सासूबाई त्या टेबलावर असती, तर तिने तो बाऊल सरळ परत पाठवला असता!

आणखी एक. शाकाहारी माणसाची तिथं पंचाईतच होणार, असंही नाही. जपानच्या बौद्ध मठांमध्ये शतकानुशतकं पूर्ण शाकाहारी स्वयंपाक होतो. त्यांची दाशी समुद्री शेवाळ आणि सुकवलेल्या अळंबीची असते. थायलंडमध्ये साधारण आपल्या नवरात्राच्या सुमारास नऊ दिवस ‘जे’ नावाचं व्रत पाळतात. त्यात मांस-मासे वर्ज्य, शिवाय कांदा-लसूणही चालत नाही. आहे की नाही आपल्या चातुर्मासासारखं? म्हणजे सासूबाईंना चालेल असं सूप मिळणं मुळीच अवघड नव्हतं. कुणी तरी मनावर घ्यायला हवं होतं, एवढंच.

आता पोरंबाळं पुण्या-मुंबईला, बंगळुरूला नोकरीला आहेत. ती आपल्याला अशा ठिकाणी नेणार आणि न्यावंही. नवी चव बघायला हरकत काय? पण काही गोष्टी पदराला गाठ मारून ठेवा.

पहिली, मागवण्याआधी विचारा. ‘व्हेज आहे का’ एवढं विचारून भागत नाही. ‘‘सूपच्या पाण्यात, करीच्या वाटणात, सॉसमध्ये काय आहे?’’ असं विचारा. थाई वाटणात बऱ्याचदा जवळ्यासारख्या बारीक कोळंबीचा आंबवलेला लगदा असतो. फिश सॉस तर नावातच मासा घेऊन येतो. कोरियाच्या किमची नावाच्या लोणच्यातही तो असू शकतो. शंका आली तर पाकिटावरची खूण दाखवायला सांगा. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. घरात कुणाला कोळंबीची, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर हे विचारणं जिवाशी जोडलेलं आहे. दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांनी अशा घटकांची माहिती मेनूकार्डावर देणं अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांत सांगितलेलं आहे.

दुसरी, पदार्थ बिघडला असेल तर दुसऱ्या घासालाच सांगा. ताट रिकामं करून तक्रार केली तर समोरचाही हसेल. आणि राग वाढणाऱ्या पोरावर काढू नका. तो घरापासून हजार मैलांवर येऊन दहा-दहा तास उभा असतो. मॅनेजरला बोलवा, शांतपणे सांगा, ‘‘हे आम्हाला आवडलेलं नाही, बदलून द्या.’’

तिसरी, बिल वाचा. सर्व्हिस चार्ज आपोआप लावू नये, ग्राहकावर सक्ती करू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढली. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती उचलून धरली. जीएसटी हा सरकारचा कर, तो द्यायचाच. सर्व्हिस चार्ज नको असेल तर ‘‘काढून टाका’’ म्हणायचं. त्या पोराला खुशीने काही द्यायचं असेल तर त्याच्या हातात द्या.

चौथी, हॉटेलवाला ऐकेना, तर १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार नोंदवता येते. म्हणजे जेवलो पुण्यात, तरी आमची तक्रार साताऱ्यात चालली असती. आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. त्यासाठी बिल मात्र जपून ठेवा, पर्समध्ये चुरगळून टाकू नका.

ही ग्राहक चळवळ आपल्याच मातीतली आहे हो! बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यातच ग्राहक पंचायतीची स्थापना केली. १९८६ च्या पहिल्या ग्राहक कायद्याला २४ डिसेंबरला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, म्हणून तो दिवस ग्राहक दिन. हे सगळं मी दर वर्षी भाषणात सांगते. टाळ्याही पडतात. पण तीन वाट्या-ताटल्यांच्या पलीकडे बसलेल्या माझ्याच पोरीने हात दाबला आणि ते भाषण घशात अडकलं. कायदा पुस्तकात असून भागत नाही, तो जिभेवर यायला हवा. आणि त्याची सवय आपल्या घरापासून लागते. आपल्या पोरीसुनांना ‘‘मला हे आवडलं नाही’’ असं गोड शब्दांत पण स्पष्ट म्हणायची मुभा आपण घरात दिली, तरच त्या बाहेर बोलतील. घरात जिचं तोंड बंद, तिचं हॉटेलात कसं उघडणार? ऑफिसात कसं उघडणार? आणि उद्या सासरी?

कराडला परत आल्यावर दोन दिवसांनी मी सासूबाईंना ताट वाढलं. नेहमीसारखं विचारलं, ‘‘आई, आमटी कशी झालीय?’’

एरवी त्या ‘‘छान’’ म्हणतात. त्या दिवशी एक भुरका मारला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘आंबट झालीय गं. चिंच जास्त पडली.’’

खरंच जास्त पडली होती. मी उठून गुळाचा खडा आणला.